इस्त्रीएवढ्या विजेवर चालणारी गाडी

निर्ण्यात एकाच उन्हाला चार नावं आहेत. मराठीत ऊन, कन्नडमध्ये बिसिलु, दखनीत धूप आणि तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडी एंड. बिदर जिल्ह्यातलं हे गाव. कलबुर्गी जिल्ह्याची हद्द आणि तेलंगणाची हद्द दोन्ही फार लांब नाहीत, त्यामुळे बाजारात एका वाक्यात दोन-तीन भाषा सहज येऊन जातात. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला यातली एक गोष्ट गमतीची वाटते. 'ऊन' हा शब्द 'उष्ण'वरून आलेला. म्हणून तर आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो. 'बिसिलु'मध्येही 'बिसि' आहे, बिसिबेळे भातातला, म्हणजे गरमच. थोडक्यात, आपल्या भाषांनी उजेड आणि उष्णता एकाच गाठोड्यात बांधून ठेवली. सोलर पॅनल मात्र ते गाठोडं सोडतं. त्याला उजेड पाहिजे असतो. उष्णता त्याला सोसत नाही.

आपल्या कॉलेजच्या वाचकांना उन्हाचं पाचवं नावही ठाऊक असेल. असिसीचे संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ म्हणायचे. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एक पत्र काढून रोमजवळच्या सांता मारिया दि गालेरिया इथं व्हॅटिकनसाठी सौरऊर्जेचा प्रकल्प उभारायला सांगितलं. त्या पत्राचं नाव 'फ्रातेल्लो सोले', म्हणजे 'भाऊ सूर्य'.

पण हा लेख व्हॅटिकनवर नाही. तो सूर्यावर चालणाऱ्या गाड्या स्वतःच्या हातांनी बांधणाऱ्या आणि त्या शर्यतीत उतरवणाऱ्या हायस्कूलच्या मुलांवर आहे. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. आत माणूस बसतो, स्टिअरिंग फिरवतो, ब्रेक मारतो, अशा गाड्या.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 'सोलर कार चॅलेंज' नावाचा एक कार्यक्रम आहे. डॅलसमधल्या विन्स्टन स्कूलमध्ये शिकवणारे डॉ. लेहमन मार्क्स यांनी तो १९९३ साली सुरू केला. नववी ते बारावीच्या वयाची मुलं त्यात भाग घेतात. हे सगळं एका दिवसाच्या विज्ञान प्रदर्शनासारखं नसतं. संघाला आराखडा, पैसे, सुटे भाग, वेल्डिंग, वायरिंग सगळं स्वतः जमवावं लागतं आणि त्यात वर्ष-दोन वर्षं जातात. मग जुलैच्या कडक उन्हात शर्यत होते. एखाद्या वर्षी ती फोर्ट वर्थजवळच्या टेक्सास मोटर स्पीडवेवर असते. तिथला एक फेरा सुमारे अडीच किलोमीटरचा, आणि चार दिवसांत ज्याचे फेरे जास्त तो संघ जिंकतो. एखाद्या वर्षी खुल्या रस्त्यावरची लांब शर्यत असते. २०१३ साली मुलं टेक्सासहून निघून लॉस एंजेलिसपर्यंत गेली होती.

या खेळाला फार मोठा इतिहास नाही. १९५५ साली जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी शिकागोच्या प्रदर्शनात सुमारे पंधरा इंच लांबीची एक गाडी उन्हावर चालवून दाखवली. ते तेव्हा कौतुकापुरतंच राहिलं. खरी सुरुवात हान्स थोलस्ट्रुप यांनी केली. डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा ऑस्ट्रेलियातला धाडसी माणूस. डिसेंबर १९८२ मध्ये ते आणि रेसिंग ड्रायव्हर लॅरी पर्किन्स पर्थहून निघाले आणि जानेवारी १९८३ मध्ये सिडनीला पोचले. अंतर चार हजार किलोमीटर, दिवस वीसच्या आत, आणि सरासरी वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर. आपल्या गावचा पोरगा सायकलवर वाऱ्याच्या दिशेने निघाला तर याच्या जवळपास जाईल! पण पेट्रोलचा एक थेंब लागला नव्हता. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये 'टूर द सोल' ही शर्यत सुरू झाली आणि १९८७ मध्ये थोलस्ट्रुप यांच्याच पुढाकाराने ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही तीन हजार किलोमीटरची वर्ल्ड सोलर चॅलेंज. पहिल्या वर्षी जनरल मोटर्सची 'सनरेसर' जिंकली, सरासरी ताशी ६७ किलोमीटरने. चार-पाच वर्षांत २३ वरून ६७.

हे झालं कंपन्यांचं आणि विद्यापीठांचं. शाळेतल्या मुलांची गाडी बघितली तर मात्र आधी हसू येईल. पुढे दोन चाकं, मागे एक, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, ड्रायव्हरभोवती पाइपांचाच पिंजरा, आणि सगळ्याच्या डोक्यावर लग्नाच्या मांडवासारखी आडवी पॅनलं. काहींची चाकं सायकलची असतात, काहींची मोपेडची. दिसायला ती गाडी कमी आणि चालता पत्रा जास्त. पण तिच्या पोटात जो हिशेब आहे, तो समजला की हसू थांबतं. निदान माझं थांबलं.

तो हिशेब सावकाश मांडते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

दुपारी बाराच्या स्वच्छ उन्हात जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट इतकी ऊर्जा पडते. चांगलं पॅनल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं, म्हणजे २०० वॉट. गाडीच्या डोक्यावर पाच चौरस मीटर पॅनल बसवलं तर झाले १००० वॉट. हे किती? घरातली एक इस्त्री. किंवा शेताच्या भाषेत सांगायचं तर, एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणून ही गाडी सव्वा-दीड एचपीवर चालणार. विहिरीवर पाच एचपीची मोटर असते ना, तिला जेवढी वीज लागते तिच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी विजेत माणसाला घेऊन रस्त्यावर धावायचं. तेही ऐन दुपारी. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला एवढंही मिळत नाही.

आता खर्चाची बाजू. गाडी सपाट रस्त्यावर चालताना तिला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात: टायर आणि वारा. टायर रस्त्यावर दबतो, त्यात थोडी ऊर्जा जाते. ही गळती वजनाच्या प्रमाणात असते. वाऱ्याचं मात्र वेगळं आहे. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि त्या रेट्याशी झुंजायला लागणारी वीज आठपट. हे 'आठपट' हायस्कूलच्या मुलाला पुस्तकात वाचून पटत नाही. गाडी बांधली की पहिल्याच दिवशी पटतं.

मी एका कल्पित शाळकरी गाडीचा आकडा काढून बघितला. ड्रायव्हरसकट वजन ३०० किलो, आकार साधा, खोक्यासारखा, मोटर आणि वायरिंगमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असं धरलं. ताशी ४० किलोमीटर वेगाला तिला साधारण ८५० वॉट लागतात. म्हणजे दुपारच्या उन्हात पॅनल जेवढं देतं त्यात ती भागते, वर थोडं बॅटरीतही जमा होतं. वेग ६० वर नेला की लागतात सुमारे २२०० वॉट. वेग दीडपट वाढला, खर्च अडीचपटीहून जास्त वाढला. आता पॅनल पुरत नाही, उरलेले बाराशे वॉट बॅटरीतून जातात. बॅटरीत तीन युनिट असतील तर अडीच तासांत बॅटरी रिकामी, आणि गाडी रस्त्याच्या कडेला. त्यात चढ लागला तर? शंभर मीटरला तीन मीटर चढणारा रस्ता डोळ्यांना सपाटच वाटतो, पण ताशी ४० ने तो चढायला आणखी सुमारे बाराशे वॉट लागतात. खर्च दुपटीहून जास्त.

म्हणून ही शर्यत जोरात पळणाऱ्याची नसते. ती काटकसर करणाऱ्याची असते. पहिल्या तासात सगळ्यांच्या पुढे गेलेली गाडी दुपारी तीनला ओढून आणावी लागते, आणि ४० च्या वेगाने गप गप चालणारी गाडी फेरे मोजत राहते. आपल्या बायकांना पगाराच्या पैशात महिना कसा काढायचा हे कोणी फिजिक्सच्या तासाला शिकवलं नाही, पण विषय तोच आहे. रोजचं उत्पन्न किती, शिल्लक किती, आणि ढग आले तर किती दिवस तग धरायचा.

ढगांवरून आठवलं. पॅनलचा एक स्वभाव या मुलांना फार त्रास देतो. पॅनलमध्ये साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त छोटे सेल असतात आणि ते सिरीजमध्ये जोडलेले असतात, एकापुढे एक, हारातल्या मण्यांसारखे. वीज प्रत्येकातून जाते. एका सेलवर सावली पडली की त्याच्यातून कमी वीज जाते, आणि मग बाकीच्यांनाही तेवढ्यावरच थांबावं लागतं. ठिबकच्या नळीला एका जागी पीळ पडला की पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी कमी होतं, तसं. यावर उपाय म्हणून पॅनलमध्ये डायोड घालतात, ते अडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेतात. तरी एक झेंडा, एक अँटेना, ड्रायव्हरच्या पिंजऱ्याचा एक उंच पाइप यांची सावलीसुद्धा महागात पडते. नवशिके संघ गाडीवर शाळेचा झेंडा लावतात आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकतात असं वाटतं खरं!

दुसरा भाग एमपीपीटी नावाच्या डब्याचा. नाव अवघड, काम सोपं. सायकलला गिअर असतो तसा हा पॅनलचा गिअर. ऊन बदलतं तसं पॅनल कोणत्या व्होल्टेजवर सर्वांत जास्त वीज देईल हेही बदलतं. हा डबा सेकंदाला अनेक वेळा ते तपासतो आणि पॅनलला त्याच जागी ठेवतो. तिसरी गोष्ट मोटर. बीएलडीसी मोटर, म्हणजे आपल्या ई-रिक्षात आणि हल्लीच्या वीज वाचवणाऱ्या पंख्यांत असते तीच जात. तिच्यात घासणारे ब्रश नसतात, म्हणून झीज कमी आणि वीजही कमी वाया जाते.

आणि उष्णता? पॅनलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. पुढच्या प्रत्येक अंशाला ती सुमारे ०.४ टक्क्यांनी कमी होते. मे महिन्यात हवेचं तापमान ४२ असेल तर काळं पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे १६ टक्के वीज गायब. कलबुर्गी-रायचूरच्या पट्ट्याला कन्नडमध्ये 'बिसिलु नाडु' म्हणतात, तापत्या उन्हाचा मुलूख. आपल्याला वाटतं, इतकं तापतं म्हणजे सोलरला हीच जागा. जागा चांगलीच आहे, पण तापण्यामुळे नाही. वर्षातले बरेच महिने आभाळ मोकळं असतं, म्हणून. त्यातून तुरीची रास चालू असताना किंवा रस्त्याचा लाल फुफाटा उडताना पॅनल पुसलं नाही तर आणखी वीज जाते, ती वेगळीच.

शर्यतीआधी गाड्यांची तपासणी होते, आणि बरेच संघ तिथंच अडकतात. ब्रेक ठरलेल्या अंतरात लागतात का? इंग्रजी आठच्या आकड्यात वळवता येते का? ड्रायव्हरला पट्टे सोडून काही सेकंदांत स्वतः बाहेर पडता येतं का? बॅटरीचा डबा बंद आहे का, सगळी वीज एका बटणाने तुटते का? मुलं वेगाची तयारी करून येतात आणि परीक्षा होते ती नटबोल्टची. मला हा भाग सगळ्यात आवडतो. कारण इथं 'उत्तर बरोबर, स्टेप्स नाहीत' असं चालत नाही. वायर सैल असेल तर गाडी थांबते. तिला तुमची गुणपत्रिका माहीत नसते.

खुल्या रस्त्यावरच्या शर्यतीत जी गाडी मागे पडते तिला ट्रेलरवर चढवून पुढच्या मुक्कामी नेतात आणि तेवढे मैल तिच्या खात्यातून जातात. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच एवढंच चालवायचं असतं, आणि ड्रायव्हर हलका असेल तर ८० किलो भरेपर्यंत वजनाच्या पिशव्या ठेवाव्या लागतात, म्हणजे बारीक माणसाला फुकटचा फायदा नको. पाच वाजले की काम संपत नाही. गाडी जिथं असेल तिथं थांबवून पॅनल काढतात, मावळतीकडे तिरपं धरतात आणि शेवटचं किरण जाईपर्यंत बॅटरी भरतात. जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या गोको हायस्कूलची मुलं या शर्यतीत विद्यापीठांच्या संघांच्या रांगेत उभी राहिलेली आहेत.

पण मला टेक्सासच्या शर्यतीतल्या दोन संघांची नावं जास्त लक्षात राहिली. पहिला मिसिसिपी राज्यातल्या ह्युस्टनचा. हे टेक्सासचं मोठं ह्युस्टन नव्हे, साडेतीन-चार हजार वस्तीचं गाव. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं. तिथल्या मुलांनी २००० नंतरच्या दशकात ही शर्यत लागोपाठ अनेक वर्षं जिंकली, मोठमोठ्या शहरांच्या शाळांना मागे टाकून. दुसरा संघ त्याच राज्यातल्या चोक्टॉ आदिवासी समाजाच्या चोक्टॉ सेंट्रल हायस्कूलचा. त्यांनी गाडीला इंग्रजी नाव दिलं नाही. 'तुश्का हाशी' असं स्वतःच्या भाषेतलं नाव दिलं. अर्थ, सूर्याचा योद्धा. ज्या भाषेला परक्यांच्या शाळांनी एके काळी वर्गाबाहेर ठेवलं, ती भाषा शर्यतीच्या मैदानावर गाडीच्या अंगावर रंगवून आली. सीमाभागात वाढलेल्या, घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे असं काम मुख्यतः इंजिनिअरिंग कॉलेजांत होतं. आपल्याच राज्यात, मणिपालच्या विद्यार्थ्यांच्या 'सोलरमोबिल' संघाने गाड्या बांधल्या आहेत. आयआयटी मद्रासचा 'अग्निरथ' संघ २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत गेला. पुण्याच्या वायवे कंपनीने 'ईव्हा' नावाची छोटी गाडी काढली आहे, तिच्या छपरावर पॅनल बसवता येतं. पण कंपनीच्याच म्हणण्यानुसार त्या पॅनलमधून वर्षाला जास्तीत जास्त ३००० किलोमीटर मिळतात, म्हणजे दिवसाला आठ-दहा. बाकी चार्जिंग भिंतीवरच्या प्लगवर. यात फसवणूक नाही. वर मांडलेला हिशेबच तसा आहे. बंद, जड, एसीची गाडी इस्त्रीएवढ्या विजेवर चालणार नाही. त्यामुळे 'सोलर गाड्यांनी पेट्रोल संपेल का' असं कोणी विचारलं तर सरळ उत्तर: छपरावरच्या पॅनलने नाही. पॅनल घराच्या किंवा शाळेच्या छपरावर ठेवून त्या विजेवर गाडी चार्ज करणं जास्त शहाणपणाचं.

मग मुलांनी ती बांधायची कशाला?

याचं उत्तर मला टेक्सासपेक्षा पाबळमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ, पावसाने नेहमी पाठ फिरवलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. झालेले, नंतर हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधन करणारे. ते सगळं सोडून ते खेड्यात आले ते एका आग्रहापोटी: हातांनी काम करताना माणूस विज्ञान शिकतो, आणि शाळेने हे विसरू नये. आश्रमाने हायस्कूलसाठी एक अभ्यासक्रम बनवला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असं काम करतात. वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रक्तगट तपासतात, बांधकाम करतात. आणि ते काम गावाला लागणारं असतं, नुसतं दाखवायचं नसतं. जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही याच आश्रमात तयार झाला. सोलर कार नव्हे, पण बापडी तिची थोरली बहीण नक्कीच. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

आयआयटी मुंबईच्या एका उपक्रमात शाळकरी मुलांनी सोलरचे अभ्यास-दिवे स्वतः जोडले, तेही याच घराण्यातलं. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. काही ठिकाणी त्या खरंच चालतात. काही ठिकाणी कुलूप असतं आणि पाहुणे आले की उघडतं. वस्तू नवीन राहाव्यात म्हणून मुलांना हात लावू न देणं, हे आपल्याकडच्या शाळांचं जुनं दुखणं आहे.

आता निर्ण्याकडे येते, कारण मला हा हिशेब तिथल्या मातीवर करून बघायचा होता. माझं आजोळ तिथलं.

काय काय लागेल? ५४० वॉटची दोन पॅनलं. ही शेतात सोलर पंपाला लावतात तीच; पाच एचपीच्या पंपाला जेवढी लागतात त्यातली जेमतेम पाचवा हिस्सा. दोघांचं मिळून क्षेत्र पाच चौरस मीटरच्या थोडं वर, वजन पंचावन्न किलोच्या आसपास. एक ई-रिक्षाची मोटर आणि तिचा कंट्रोलर. ती मोटर साधारण एक किलोवॉटचीच असते, म्हणजे आपल्या गरजेला जणू मापून शिवलेली. बॅटऱ्या ई-रिक्षाच्याच घेतल्या तर चार मिळून शंभर किलोवर जातात, हा त्यातला वाईट भाग. लिथियमच्या हलक्या, पण महाग आणि जपून हाताळाव्या लागणाऱ्या. पाइप, चाकं, ब्रेक, आणि वेल्डिंग करणारा. यातली कोणती गोष्ट हुमनाबाद, बिदर किंवा कलबुर्गीत मिळत नाही? मला एकही सापडली नाही. एमपीपीटीचा डबा तर सोलर बसवणाऱ्यांच्या दुकानात असतोच.

त्या पॅनलांतून मोकळ्या आभाळाच्या दिवशी, सगळी गळती वजा जाता, चार युनिट हातात पडतात असं धरू. ताशी ४० ने एका किलोमीटरला २१ वॉट-तास लागतात. भागाकार केला तर १९० किलोमीटर. बिदर ते कलबुर्गी सुमारे ११० किलोमीटर. कागदावर गाडी एका दिवसाच्या उन्हात बिदरहून कलबुर्गीला पोचते, आणि वर परतीची थोडी वीजही उरते! कागदाबाहेर खड्डे आहेत, गतिरोधक आहेत, चढ आहेत, म्हशी आहेत. प्रत्येक ब्रेकला वेग जातो आणि तो परत मिळवायला वीज लागते. म्हणून अर्धे धरा, ९५. तरी वाईट नाही.

रस्त्यावर मात्र ती नेता येणार नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं बेकायदा, आणि दहावीच्या मुलाला गाडीचं लायसन्स मिळत नाही. टेक्सासमध्ये सोळाव्या वर्षी मिळतं, हा तिथल्या मुलांचा मोठा फायदा. आपल्या मुलांना मोकळं मैदान लागेल, खळं लागेल, चुन्याने आखलेला फेरा लागेल. चालवणारा मोठा माणूस असला तरी चालेल. स्पर्धेसाठी दुसऱ्या गावाचं हायस्कूलही लागेल, एकट्याने शर्यत होत नाही.

पैशाचं म्हणाल तर पॅनलं आता स्वस्त झालीत. किलोवॉटला पंचवीस-तीस हजारांच्या आसपास. बॅटरी-मोटर धरून सगळा खर्च एखाद्या गावच्या गणेश मंडळाच्या किंवा जत्रेच्या खर्चाबाहेर जाणार नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. एसएसएलसीच्या वर्षी मुलाच्या हातात पाना दिला तर आधी घरचेच विचारतील, मार्क मिळणार का याचे? आणि ते चुकीचं विचारत नाहीत. पोरगं पुढे हैदराबादला नाहीतर पुण्याला कामाला जाणार, तिथं गुणपत्रिका दाखवावी लागते. गाव सोडून गेलेल्या मुलांपैकी कितीतरी जण तिथं वायरिंग आणि वेल्डिंगच करतात, ते मात्र शाळेने शिकवलेलं नसतं. म्हणून पाबळचा आठवड्यातून एक दिवस मला महत्त्वाचा वाटतो. तो अभ्यासक्रमात बसवलेला दिवस आहे. गॅदरिंगच्या आधीची धावपळ नव्हे. मुली त्यात आपोआप येतात, कारण तो सगळ्या वर्गाचा तास असतो. संध्याकाळी गॅरेजमध्ये थांबायचं असतं तर किती घरांनी सोडलं असतं?

सुरुवातीला गाडी लागतही नाही. एखादं जुनं पॅनल, एक मल्टिमीटर आणि एक वही एवढ्यावर पहिलं सत्र निघतं. रोज मधल्या सुट्टीत पॅनलचं व्होल्टेज आणि करंट मोजायचं, हाताने सावली करून परत मोजायचं, फडक्याने धूळ पुसून परत मोजायचं. पॅनल आडवं ठेवून एक आकडा, सूर्याकडे तिरपं करून दुसरा. डिसेंबरची दुपार आणि एप्रिलची दुपार शेजारी-शेजारी लिहायची. टेक्सासच्या मुलांच्या गाड्यांची सुरुवातही अशाच आकड्यांच्या वहीतून होते. निर्ण्यातल्या वहीत रकान्यांची नावं कोणत्या भाषेत लिहायची, यावर मात्र वर्गात थोडी भांडणं होतील.